किल्लेदाराची नावं

इंदिरानगरातल्या नव्या मेडिकलमधली मुलगी चुणचुणीत आहे. मोबाईलवरच्या प्रिस्क्रिप्शनकडे एक नजर टाकते, पटापट गोळ्या काढते, पिशवीत सरकवते आणि गोड हसते. मी मात्र काउंटरवरच गोळ्यांचं पाकीट उलटं करते आणि मागची बारीक अक्षरं वाचत बसते. रांगेतली माणसं चुळबुळतात. चुळबुळू देत. अप्पा सोनवणे त्यांना ठाऊक नाहीत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अप्पांचं औषधांचं दुकान होतं. मी परकरात होते तेव्हापासून होतं. अप्पा मूळचे सटाण्याकडचे, बागलाणातले. किरकोळ बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, चष्मा नेहमी कपाळावर आणि नेहमी हरवलेला. त्यांच्याइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. त्यांना पालीची भीती वाटे, विजेच्या बटणाची वाटे, दुकानाचं शटर अचानक खाली येईल याची वाटे. गोदावरीला पाणी सुटलं की पंचवटीतल्या दुकानदारांनी माल वर हलवावा हे समजू शकतं. अप्पा इथं, नदीपासून इतक्या लांब, खालच्या फळीवरची सलाइनं वरच्या फळीवर चढवून ठेवत. त्यांची बायको, निर्मलाकाकू, बिलाच्या संगणकामागून म्हणायच्या, "पाणी इथपर्यंत आलं तर सलाइनचं काय करायचंय? आपल्यालाच कुणीतरी लावेल."

पण या सगळ्या भीतींची आई एकच होती. आपल्या हातून कुणाला चुकीचं औषध जाईल ही. म्हणून गोळ्यांचं पाकीट काढलं की अप्पा ते आधी उलटं करत, मागचं वाचत आणि मग गिऱ्हाइकापुढे धरत. "वाच. मोठ्यानं वाच. माझ्यावर विश्वास ठेवू नको."

"अप्पा, इतकी वर्षं देताय, आता कशाला?"

"इतकी वर्षं झाली म्हणूनच. हात सवयीनं चालायला लागला की घात होतो."

समोरच्या बाजूचं नाव त्यांच्या लेखी काहीच नव्हतं. ते कंपनीनं बाजारासाठी ठेवलेलं. एकाच औषधाला दहा कंपन्या दहा नावं देतात. आत काय आहे ते मागं लिहिलेलं असतं, आणि त्याला अप्पा धंद्याच्या भाषेत 'सॉल्ट' म्हणत. ही नजर त्यांनी साऱ्या जगाला लावली होती. लग्नाची पत्रिका आली तरी आधी उलटी करून बघत. कुणी साहेब आपलं मोठं पद सांगू लागला की तो गेल्यावर हळूच म्हणत, "सॉल्ट काही विशेष नाही."

अशा या माणसाला एकच व्यसन होतं, व्हिडिओ गेमचं. दुकान नवीन होतं त्या काळात त्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला. इंजेक्शनांच्या फ्रिजवर एक लहानसा टीव्ही आणि त्याच्यासमोर स्टुलावर अप्पा. कॅसेटा खूप होत्या, पण ते खेळत एकच. तिला आम्ही सगळे 'किल्ल्याचा गेम' म्हणायचो. एक शिपाई किल्ल्याचे दरवाजे ओलांडत जातो आणि शेवटच्या दरवाजाशी किल्लेदार उभा असतो. काळं चिलखत आणि डोक्यावर उलटा हंडा ठेवावा तसं लोखंडी शिरस्त्राण. तो यायच्या आधी पडदा पूर्ण काळा होई आणि फक्त एक ढोल वाजे. बाबांची औषधं आणायला गेलेली मी, तो ढोल ऐकून काउंटरच्या खाली बसत असे. नंतर कळलं की अप्पाही घाबरत. ढोल सुरू झाला की हातातलं कंट्रोल जो जवळ असेल त्याच्याकडे देऊन ते पाणी प्यायला बाहेर जात, ते किल्लेदाराचा निकाल लागल्यावरच परत येत. इतकी वर्षं एकच गेम खेळून अप्पांनी स्वतःच्या हातानं किल्लेदार कधी मारला नाही.

आम्ही मोठे झालो, कामाधंद्याला लागलो, आणि मग जुन्या गेमांचं वेड पुन्हा आलं. गेल्या काही वर्षांत दर रविवारी दुपारी, दुकान बंद असे तेव्हा, शटर अर्धं ओढून आमची बैठक भरू लागली. मी, मंदार आणि फैजल. मंदार संगणकाच्या कंपनीत, पुण्याहून परत आलेला, प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारा. फैजल जुन्या नाशकातला, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला, आणि कुणाचीही हुबेहूब नक्कल करणारा. आणि आमच्या बैठकीचा विषय ठरलेला. किल्लेदाराचं खरं नाव कोणतं?

हसू नका. यावर माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं मी पाहिलं आहे. झालं होतं असं की हा गेम ज्या ज्या देशात विकला तिथं किल्लेदाराचं नाव बदललं. जपानी कॅसेटमध्ये तो गोरोमाकी. अमेरिकेत जनरल ड्रॉस्क. युरोपात मार्शल ओबेल. आणि आपल्याकडे मेन रोडवर जी पिवळी नकली कॅसेट मिळायची, तिच्यात कुणा अज्ञात महाभागानं लिहून ठेवलं होतं, किंग लीफ.

"मूळ नाव गोरोमाकी," मंदार म्हणायचा. "बाकी सगळा धंदा आहे."

"मूळ-बिळ सोड यार," फैजल उसळायचा. "आपण सगळे लहानपणी किंग लीफच्या हातून मेलो. गोरोमाकीच्या हातून नाशकात कोण मेलं, एक नाव सांग."

मग दोघं अप्पांकडे बघत. अंबडच्या एका कारखान्यातला इंजिनियर जपानहून अस्सल कॅसेट घेऊन आला होता आणि त्यानं ती अप्पांना वाचून दाखवली होती, त्यामुळे अप्पांचा शब्द शेवटचा. अप्पा चष्मा शोधत म्हणायचे, "अमेरिकेत जनरल, युरोपात मार्शल. एवढी बढती आमच्या सटाण्याच्या तलाठ्याला नाही मिळाली. अरे, नावं चार असू देत. सॉल्ट एकच आहे. मारतो तो तोच." मग भांडण मिटायचं, ते पुढच्या रविवारपर्यंत.

आणि एका रविवारी अप्पा सहज बोलून गेले, "तो ताराबोन असा लगेच मरत नाही."

मंदारनं खेळ थांबवला. "कोण?"

"ताराबोन." अप्पांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

हे नाव आमच्यापैकी कुणी कधी ऐकलं नव्हतं. ही कुठली आवृत्ती? तैवानची का? अप्पा जरा थांबून म्हणाले, "असेल." एवढं पुरे होतं. मंदारनं जगभरातल्या शौकिनांच्या गटांमध्ये चौकशी सुरू केली. नाशिकच्या एका जाणकाराकडून पाचवं नाव मिळालं म्हणून तिकडे खळबळ उडाली. ब्राझीलमधल्या कुणीतरी तर आपण लहानपणी हेच नाव ऐकलं होतं असं शपथेवर लिहिलं. पुढच्या बैठकीत अप्पांनी आणखी एक नाव घेतलं, सालवेडो. फैजल म्हणाला, "अप्पांकडे खजाना आहे, आपल्याला चिल्लर दाखवतात." आम्ही अप्पांना डोक्यावर घेतलं. अप्पा कसनुसं हसत राहिले. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घोळक्यात माणूस असं बोलू लागला तर लोक काळजीत पडले असते. आम्ही नवी आवृत्ती शोधत बसलो.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती थोड्या आठवड्यांनी. फैजल खेळत होता, अप्पा शेजारच्या स्टुलावर. पडदा काळा झाला, ढोल वाजला. मी सवयीनं पाय बाजूला घेतले, अप्पांना बाहेर जायला वाट हवी म्हणून. अप्पा उठले नाहीत. शिरस्त्राण चमकलं, दरवाजा उघडला, आणि अप्पा पुढे वाकून, लहान मुलानं नवी मोटार बघावी तसे त्याच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

"हा कोण रे?" त्यांनी विचारलं.

"अप्पा परीक्षा घेतायत," मंदार हसला. "गोरोमाकी."

"किंग लीफ," फैजल म्हणाला, आणि दोघांची जुंपली.

मी अप्पांकडे बघत होते. त्यांनी परीक्षा घेतली नव्हती. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. ज्या चेहऱ्याला ते अर्धं आयुष्य घाबरले, तो त्यांच्या ओळखीचाच उरला नव्हता.  मागच्या दारात निर्मलाकाकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी हळू हलवली. बोलू नकोस, अशी.

कप धुवायला म्हणून मी त्यांच्या मागे गेले. काकू नळाकडे तोंड करून बोलल्या. "मला दिवाळीपासून कळलंय. डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या सुरू आहेत. त्यांनाही माहीत आहे, पण बोलायला गेलं की रडतात. दुकान बंद करा म्हटलं तर कुठे जातील? मी बसते ना तिथे. एकेक पाकीट माझ्या नजरेखालून जातं."

"आणि तुम्ही नसलात तर?"

काकूंनी नळ मोठा सोडला.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना काकूंना ताप आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्याच दिवसांत एका सकाळी मी आईची रक्तदाबाची गोळी आणायला गेले. अप्पा एकटेच होते. पाकीट काढलं, पिशवीत घातलं, बिल दिलं. मी घरी येऊन पिशवी टेबलावर ठेवली आणि ऑफिसला जायची तयारी करू लागले. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. वेणी घालता घालता कळलं. अप्पांनी मला 'वाच' म्हटलं नव्हतं.

मी तशीच बाहेरच्या खोलीत धावले. आईच्या तळहातावर गोळी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. मी तिचा हात धरला. पाकीट उलटं केलं. साखर उतरवायची गोळी होती. माझ्या आईला मधुमेह नाही. उपाशीपोटी ती गोळी गेली असती तर काय झालं असतं, हे मला अप्पांनीच कधीतरी समजावून सांगितलेलं होतं.

मी दुकानात परत गेले. रागानं की भीतीनं ते मला आजही सांगता येणार नाही. पाकीट काउंटरवर ठेवलं. अप्पांनी ते उलटं केलं, वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी ते पूर्ण शुद्धीवर होते. जुने अप्पा. चेहरा पांढराफटक.

"आईनं घेतली?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "शुभा, आणखी कुणाला काय दिलं असेन मी?"

 मी मंदारला आणि फैजलला बोलावलं. तापानं फणफणलेल्या काकू शाल पांघरून संगणकासमोर येऊन बसल्या आणि ताप आल्यापासूनची बिलं काढू लागल्या. बिलावर नाव बरोबरच असणार होतं, ते प्रिस्क्रिप्शन बघून टाकलेलं. पाकिटात काय गेलं ते कुठलाच कागद सांगणार नव्हता. घरोघरी जाऊन बघण्यावाचून इलाज नव्हता. मंदार म्हणाला, "कंपनीनं माल परत मागवलाय असं सांगू." अप्पा म्हणाले, "नाही. माझ्या हातून चूक झाली असेल असं सांगा. नाहीतर लोक पाकीट नीट दाखवणार नाहीत."

आम्ही निघालो. दारं वाजवली, पाकिटं उलटी केली, मागची अक्षरं मोठ्यानं वाचली.  एका घरात बाई झोपल्यात असं सांगितलं तर फैजलनं दारातच डोकं धरलं. त्या नुसत्याच झोपल्या होत्या. सगळीकडे औषध बरोबर निघत होतं. ओळीनं बरोबर निघालं तसा धीर यायला हवा होता. उलट भीती वाढत गेली, कारण दारं कमी होत होती.

शेवटी खैरनार बाबा उरले. अप्पांच्याच गावाकडचे, एकटे राहणारे, हृदयाचे पेशंट. रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायचे. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, पिंपळगाव बसवंतला लेकीकडे गेलेत. फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना.

मंदारनं गाडी काढली. अप्पांना काकूंजवळ थांबवत होतो, पण ते आधीच मागच्या सीटवर जाऊन बसले होते. मुंबई-आग्रा रस्त्यावर द्राक्षांच्या टेम्पोंची रांग लागलेली. अप्पा बाबांच्या गोळीचं नाव पुटपुटत होते, पुन्हा पुन्हा, ते निसटू नये म्हणून. ओझरच्या पुढे ते गप्प झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय होतं गं?" मी नाव सांगितलं. ते पुन्हा पुटपुटू लागले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. फैजल पुढच्या सीटवरून सारखा फोन लावत होता आणि एकदाही मागे वळून बघत नव्हता.

"शुभा," अप्पा म्हणाले, "माले भेव वाटस."

आमच्याशी ते कधी अहिराणी बोलत नसत. ती ते फक्त आपल्या आईशी बोलायचे, आणि ती जाऊन किती तरी काळ लोटला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. 

लेकीच्या सासरचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं. शेडमध्ये बायका घड निवडत बसल्या होत्या, क्रेटांच्या थप्प्या लागलेल्या, आणि एका थप्पीला टेकून खैरनार बाबा खुर्चीत, मान छातीवर पडलेली. मंदारनं गाडी थांबवायच्या आधीच अप्पांनी दार उघडलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी बाबांचे खांदे धरून गदागदा हलवलं.

बाबा दचकून जागे झाले. "काय शे रे सोनवणे? आग लागनी का?"

फोन घरात चार्जिंगला होता. पाकीट सदऱ्याच्या खिशात. अप्पांनी ते माझ्यापुढे धरलं; मी उलटं केलं आणि मोठ्यानं वाचलं. बरोबर होतं. गोळी बरोबर होती. अप्पा तिथंच जमिनीवर, द्राक्षांच्या पाल्यात बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत घेतलं. निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. बाबांना काही कळेना, पण ते खुर्चीतून उठले आणि अप्पांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

चूक एकच झाली होती, आमच्या घरातली. कुणाला काही झालं नव्हतं. मंदारनं परतीच्या वाटेवर तोडगाही काढला. दुसरा फार्मासिस्ट नोकरीला ठेवू, अप्पांनी नुसतं बसावं.  अप्पा म्हणाले, "मी बसलो तर लोक त्याला विचारणार नाहीत. मलाच विचारतील." दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. त्यांनी परवाना परत केला, माल परत पाठवला, आणि शटर स्वतःच्या हातानं खाली ओढलं. त्या शटरची त्यांना किती भीती वाटायची ते मला माहीत आहे.

त्यानंतर नावं भराभर गेली. किल्लेदाराची सगळी गेली, मग आमची. मंदारला ते 'साहेब' म्हणू लागले, मला 'ताई'. काकूंना हाक मारायची झाली की नुसते तिकडे बघतात. ढोल, दरवाजे, पिवळी कॅसेट, काही उरलं नाही. पण एक गोष्ट गेली नाही. बसल्या बसल्या त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडतो, ते खुर्चीचे हात घट्ट धरतात आणि विचारतात, "त्या म्हाताऱ्यानं गोळी घेतली का? चुकीची गेली का?"

बरोबर होती असं कितीही सांगा, पटत नाही. मग काकू फोन लावायच्या आणि आता लेकीकडेच राहायला गेलेले खैरनार बाबा पिंपळगावहून स्वतः सांगायचे, "मी बरा शे, सोनवणे. तू भेऊ नको." तेवढ्यानं अप्पांचा जीव भांड्यात पडायचा. बाबांनी कधी कंटाळा केला नाही. शेतात असले तरी फोन उचलायचे.

यंदाच्या थंडीत बाबा गेले. झोपेत, वयानं. आम्ही तिघं पिंपळगावला जाऊन आलो. अप्पांना सांगायचं नाही, हे काकूंनी एका शब्दात ठरवलं.

गेल्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. उन्हात खुर्ची टाकलेली, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं काकूंनी नीट लावलेली. माझ्याकडे बघून ते ओळख नसल्यासारखे नम्रपणे हसले. आणि बघता बघता तो चेहरा पांढरा पडला, बोटं खुर्चीच्या हातांवर आवळली गेली. "ताई, तो म्हातारा... मी त्याला काय दिलं?"

काकूंनी फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. मला माहीत होतं की फोन फैजलच्या दुकानात वाजतो आहे. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं असणार.

"मी बरा शे, सोनवणे," पलीकडून बाबांचा, अगदी बाबांचाच जाड, खोकला अडकलेला आवाज आला. "तू भेऊ नको."

अप्पा ऐकत राहिले. हळूहळू त्यांची बोटं सुटली.